मोठे डॉक्टर रात्री कुठे असतात?

सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात घरचे माणूस दाखल केले, की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ हा प्रश्न ज्याला विचारला जातो तो बहुधा पंचविशीतला तरुण असतो किंवा तरुणी असते. गळ्यात स्टेथोस्कोप, डोळ्यांत जागरण, हातात चार-सहा केसपेपर. तो डॉक्टर नाही असे नाही. त्याच्याजवळ पदवी आहे, नोंदणी आहे, औषध लिहिण्याचा अधिकार आहे. पण तो अजून शिकतो आहे आणि शिकता शिकताच रुग्ण सांभाळतो आहे. त्याच्या पाठीशी कुणीतरी जाणते माणूस उभे आहे, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. सकाळच्या राऊंडला ते माणूस दिसतेही. रात्री दोन वाजता ते कुठे असते, हा प्रश्न मात्र वैद्यकीय शिक्षणाने फार उशिरा विचारला, आणि तोही एका मुलीचा जीव गेल्यानंतर.

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. त्यातला ‘निवासी’ एकेकाळी शब्दशः खरा होता. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तिथे विल्यम ऑस्लर यांनी वैद्यकचिकित्सेचा आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. दोघांनीही जर्मन भाषक देशांतली रुग्णालये पाहिली होती. तिथली पायरीपायरीने वर चढण्याची पद्धत त्यांनी अमेरिकेत रुजवली. पदवी घेतलेल्या तरुणाने रुग्णालयातच राहायचे, तिथेच जेवायचे-झोपायचे, लग्नाचा विचार मनात आणायचा नाही आणि वर्षागणिक थोडी थोडी जबाबदारी अंगावर घ्यायची. शस्त्रक्रिया विभागात खाली पुष्कळ जण भरती होत. वर मुख्य निवासी डॉक्टराच्या जागेपर्यंत एखादाच पोहोचे.

ऑस्लर हे खाटेजवळ उभे राहून शिकवणारे गुरू. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवले, एवढेच आपल्या थडग्यावर लिहिले तरी पुरे, अशा अर्थाचे ते बोलले होते. हॉल्स्टेड यांची तऱ्हा वेगळी होती. शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. हाताने हळुवार, विचाराने काटेकोर असा हा शल्यविशारद अनेकदा आपल्या विभागात नसेच. कोकेनने शरीराचा एखादाच भाग बधिर करता येतो, हे १८८४ मध्ये युरोपात सिद्ध झाल्यावर त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि त्यातून ते व्यसनात अडकले. पुढे मॉर्फिनही त्यांच्या आयुष्याला चिकटले. ऑस्लर यांनी ही हकिकत लिहून ठेवली होती. ते टिपण १९६९ मध्ये उघडले गेले, तेव्हा ती जगाला कळली. हॉल्स्टेड नसत तेव्हा त्यांचा मुख्य निवासी डॉक्टर विभाग चालवी, शस्त्रक्रिया करी, धाकट्यांना शिकवी. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे एक आद्य प्रवर्तक हार्वी कुशिंग याच तालमीत तयार झाले.

म्हणजे आज जगभर चालणाऱ्या या पद्धतीच्या उगमाशीच दोन गुरू आहेत. एक शिष्याच्या शेजारी उभा राहणारा, दुसरा शिष्यावर सोडून देणारा. दोघांचेही शिष्य मोठे झाले. त्यामुळे मधल्या काळात किती रुग्णांनी या शिक्षणाची किंमत मोजली, याचा हिशेब कुणी मागितला नाही. पोहायला शिकवायचे तर पाण्यात ढकलावे, ही समजूत पक्की झाली. पाण्यात खरे तर रुग्ण असतो, हे सोयीस्करपणे विसरले गेले.

आता न्यूयॉर्कमधली एक रात्र. ४ मार्च १९८४, रविवार. लिबी झायन ही अठरा वर्षांची महाविद्यालयीन मुलगी रात्री साडेअकराच्या सुमारास न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात आली. हे शहरातले नामांकित, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय. अंगात ताप होता, अस्वस्थपणा होता, हातापायांना चमत्कारिक झटके येत होते. नैराश्यासाठी ती फेनेल्झिन नावाचे औषध घेत होती. नेमके निदान होईना. घराण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले. हे डॉक्टर त्या रुग्णालयाशी संबंधित असलेले वरिष्ठ. सलाइन लावून देखरेखीखाली ठेवावे, असे ठरले.

वॉर्डात तिला दोघांनी तपासले. एक इंटर्न, म्हणजे पदवी मिळून जेमतेम आठ-नऊ महिने झालेली डॉक्टर. दुसरे दुसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर. विषाणूचा ताप असावा आणि मुलगी थोडी घाबरून जास्तच करते आहे, असे त्यांचे मत पडले. पुन्हा वरिष्ठांना फोन झाला. अंगातली थरथर थांबावी म्हणून पेथिडिनचे इंजेक्शन देण्याचे ठरले. आई-वडील पहाटे तीनच्या सुमारास घरी गेले. दुसऱ्या वर्षाचे डॉक्टर समोरच्या इमारतीत जरा पाठ टेकायला गेले. गरज पडली तर पेजर होताच. इंटर्नकडे आणखी सुमारे चाळीस रुग्ण होते, ती त्यांच्याकडे वळली.

लिबीची तडफड वाढत गेली. परिचारिकांनी इंटर्नला फोन केले. तिने फोनवरूनच सांगितले, पडून इजा होऊ नये म्हणून हातपाय बांधा, शांत होण्यासाठी हे इंजेक्शन द्या. सकाळी साडेसहाला ताप पाहिला तेव्हा पारा १०७ अंश फॅरनहाइटवर होता. थंड पट्ट्या, धावपळ, हृदय बंद पडणे, ते सुरू करण्याचे प्रयत्न... आणि साडेसातच्या सुमारास सारे संपले.

फेनेल्झिन आणि पेथिडिन ही दोन औषधे एकत्र आली तर जीवघेणी ठरू शकतात. आज हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. औषधांच्या संदर्भग्रंथात तेव्हाही ते छापलेले होते, पण वॉर्डात राबणाऱ्या अनेकांना ते ठाऊक नव्हते. मृत्यूचे कारण नेमके हेच का, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. लिबीने कोकेन घेतले होते का, हाही मुद्दा न्यायालयात गाजला. त्या वादात मी शिरत नाही. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत त्या मुलीच्या बाबतीत एकामागून एक निर्णय होत गेले. ते घेणाऱ्यांत तिच्या खाटेजवळ उभा असलेला सर्वांत अनुभवी डॉक्टर दीड-पावणेदोन वर्षांच्या अनुभवाचा होता. त्याहून जाणता माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या घरी होता. आणि हे काही विपरीत घडले नव्हते. रोज असेच चालत होते.

लिबीचे वडील सिडनी झायन हे वकील, पूर्वी सरकारी वकिली केलेले आणि नंतर पत्रकार झालेले. लेखणीही होती आणि ओळखीही होत्या. स्पष्टच बोलायचे तर, एखाद्या गरीब घरातली मुलगी असती तर प्रकरण केसपेपरच्या शेवटच्या पानावरच मिटले असते. झायन यांनी त्याला सरळ खून म्हटले. मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेनथॉ यांनी प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या ज्युरीपुढे नेले. १९८६ च्या अखेरीस ज्युरीने कुणा डॉक्टरवर फौजदारी आरोप ठेवला नाही. मात्र एक अहवाल दिला आणि बोट व्यवस्थेकडे दाखवले. तातडीच्या विभागात किमान तीन वर्षे अनुभवाचे डॉक्टर हवेत. इंटर्न आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरांवर प्रत्यक्ष हजर राहून देखरेख हवी. सलग कामाच्या तासांना मर्यादा हवी. हातपाय बांधण्याबाबत नियम हवेत. कोणती औषधे एकमेकांशी जुळत नाहीत हे सांगणारी संगणकाची सोय हवी. १९८६ साली सामान्य नागरिकांनी संगणकाचे सुचवावे, याचे मला आजही नवल वाटते.

राज्याचे आरोग्य आयुक्त डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड यांनी मग समिती नेमली. अध्यक्ष होते ब्राँक्समधल्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक बर्ट्रांड बेल. हा माणूस फटकळ म्हणून प्रसिद्ध. रात्रीच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टरांना वाऱ्यावर सोडले जाते, हे ते आधीपासून सांगत होते. समितीच्या शिफारशींवरून न्यूयॉर्क राज्याचे नियम १९८९ च्या जुलैपासून लागू झाले. आठवड्याला सरासरी ८० तास, सलग २४ तासांपेक्षा जास्त नाही, आणि शिकाऊ डॉक्टरांवर चोवीस तास वरिष्ठांची देखरेख.

यातला ८० हा आकडा कुठून आला, याची हकिकत बेल यांनीच पुढे लिहिली आहे. आठवड्याचे तास १६८. दिवसाला दहा तास, पाच दिवस काम केले तर ५०. उरले ११८. दर चौथ्या रात्री जागायचे धरले तर ११८ भागिले चार, म्हणजे साधारण ३०. पन्नास आणि तीस मिळून ऐंशी! जगभर ज्या आकड्यावर पुढे शेकडो शोधनिबंध झाले, संप झाले, तो आकडा असा बोटांवर मोजून निघालेला आहे.

आणि इथेच इतिहासाने वळण घेतले. बेल समितीच्या दृष्टीने मुख्य गोष्ट होती देखरेख. तास दुय्यम होते. लोकांच्या लक्षात मात्र तास राहिले. बेल यांना याचा इतका वैताग आला की १९९३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. तासांच्या नियमनाने नव्हे, तर देखरेखीने रुग्णसेवा सुधारेल, हा त्या लेखाचा मथळ्यातच सांगितलेला मुद्दा होता. तरीही लिबी झायनचे नाव निघाले की आजही लोक म्हणतात, ‘ती झोप न मिळालेल्या डॉक्टरांची केस ना?’

असे का व्हावे? मला वाटते, कारण साधे आहे. तास मोजता येतात. हजेरीपटावर चोवीसच्या जागी सव्वीस दिसले की नियम मोडला, हे कारकुनालाही कळते. देखरेख कशी मोजायची? वरिष्ठ इमारतीत आहेत पण आपल्या खोलीत झोपलेले आहेत, ही देखरेख झाली का? त्यांनी केसपेपरवर सकाळी सही केली, ती झाली का? आणि दुसरे कारण अधिक अवघड आहे. तास कमी करायचे तर त्रास शिकाऊ डॉक्टरांच्या वेळापत्रकाला होतो. देखरेख वाढवायची तर रात्रीची झोप वरिष्ठांची मोडते. नियम करणाऱ्या समित्यांवर बसतात ते वरिष्ठच. तासांचा नियमसुद्धा न्यूयॉर्कमध्ये मनापासून पाळला गेला असे नाही. १९९८ मध्ये राज्याने बारा रुग्णालयांत अचानक तपासणी केली, तेव्हा नियमभंग सर्रास आढळला.

वरिष्ठांना खाटेजवळ आणले ते शेवटी पैशाने. अमेरिकेत वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी आरोग्य विमा योजना १९६५ च्या कायद्याने आली. शिकवणाऱ्या रुग्णालयात काम निवासी डॉक्टर करीत आणि बिल प्राध्यापकाच्या नावे जाई. प्राध्यापक खरोखर हजर होते का, हा प्रश्न सरकार अधूनमधून विचारी आणि सोडून देई. डिसेंबर १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांच्या संस्थेने अशा बिलांच्या चौकशीत सरकारशी तडजोड करून ३ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले, आणि देशभरच्या महाविद्यालयांना घाम फुटला. १९९६ पासून नवे नियम लागू झाले. उपचाराच्या किंवा शस्त्रक्रियेच्या महत्त्वाच्या भागाला शिकवणारा डॉक्टर स्वतः हजर असेल तरच बिल करता येईल. एका मुलीच्या मृत्यूने जे अर्धवट साधले, ते हिशेबतपासनिसांनी पुष्कळ पुढे नेले. वाईट वाटते, पण तसे झाले खरे.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे शल्यविशारदांनी आणि भूलतज्ज्ञांनी स्वतःहून शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंची गुप्त चौकशी सुरू केली. कुणाचेही नाव बाहेर येणार नाही, या बोलीवर डॉक्टरांनी माहिती दिली. १९८७ च्या अहवालात जे दिसले त्यात एक गोष्ट ठसठशीत होती. रात्री-अपरात्री, वरिष्ठांना न कळवता, कनिष्ठ डॉक्टर त्यांच्या आवाक्याबाहेरच्या शस्त्रक्रिया करीत होते. यातल्या कित्येक शस्त्रक्रिया सकाळपर्यंत थांबू शकल्या असत्या. यानंतर तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी दिवसा वेगळे शस्त्रक्रियागृह राखून ठेवावे, हा आग्रह जोर धरू लागला. तिथे ना खटला झाला, ना वर्तमानपत्रांत गदारोळ. कुणाला फासावर चढवायचे नाही म्हटल्यावर माणसे खरे बोलली. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते.

लिबीच्या प्रकरणाचा दिवाणी निकाल १९९५ मध्ये लागला. ज्युरीने तीन डॉक्टरांना जबाबदार धरून पावणेचार लाख डॉलरची भरपाई ठरवली. एका इंटर्नवर चाळीस रुग्ण सोपवण्यात रुग्णालयाची चूक नाही, असेही त्याच ज्युरीने म्हटले. सिडनी झायन २००९ मध्ये वारले, बर्ट्रांड बेल २०१६ मध्ये.

मधल्या काळात ८० तासांचा नियम १ जुलै २००३ पासून साऱ्या अमेरिकेतल्या निवासी डॉक्टरांना लागू झाला. २०११ मध्ये इंटर्नसाठी सलग सोळाच तास केले, २०१७ मध्ये ते पुन्हा २४ वर नेले. यामागे अभ्यासांची रस्सीखेच होती. अतिदक्षता विभागातल्या इंटर्नच्या लांब पाळ्या कमी केल्यावर गंभीर चुका कमी झाल्या, असे २००४ मध्ये एका अभ्यासात दिसले. पुढे मोठ्या प्रमाणावर झालेल्या प्रयोगांत मात्र तासांचे बंधन सैल केल्याने रुग्णांचे मृत्यू वाढले नाहीत, असे निघाले.

मग देखरेख वाढवून चमत्कार झाला का? तेही नाही, आणि हे सांगितले पाहिजे. २०१३ साली फिलाडेल्फियाच्या एका अतिदक्षता विभागातील प्रयोगाचे निष्कर्ष आले. रात्री तज्ज्ञ डॉक्टर प्रत्यक्ष हजर ठेवले, तरी रुग्णांच्या परिणामांत ठळक फरक पडला नाही. २०१८ मध्ये बोस्टनहून आलेल्या अभ्यासात, वरिष्ठ कामाच्या राऊंडला सोबत असले तरी चुका लक्षणीय कमी झाल्या नाहीत. इंटर्न बोलायचे मात्र कमी झाले. हे आपण घरातही पाहतो. सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या असल्या की नव्या सुनेच्या हातून पोळी नीट फुगत नाही! हॉल्स्टेड यांच्या शिष्यांचे काही अगदीच चुकत नव्हते. एकट्याने निर्णय घेतल्याशिवाय माणूस डॉक्टर होत नाही. फक्त तो एकटेपणा कुणीतरी विचारपूर्वक, मापून दिलेला असावा लागतो. लिबीच्या वॉर्डात तो कुणी दिला नव्हता. रात्र झाली म्हणून तो आपोआप आला होता.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या जे. जे., के.ई.एम., नायर या रुग्णालयांत दीर्घकाळ ‘ऑनररी’ची पद्धत होती. शहरातले नामवंत डॉक्टर सकाळी नाममात्र मानधनावर येत, ओपीडी करीत, राऊंड घेत, शस्त्रक्रिया करीत, शिकवीत, आणि दुपारनंतर आपल्या दवाखान्यात जात. गरिबाला शहरातला उत्तम डॉक्टर मिळे, हा या पद्धतीचा मोठा गुण होता. पण दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत वॉर्ड रजिस्ट्रार आणि हाऊसमन यांच्या हाती असे. १९४६ च्या भोर समितीने खासगी व्यवसाय न करणाऱ्या पूर्णवेळ पगारी डॉक्टरांचा आग्रह धरला होता. पूर्णवेळ प्राध्यापक आले तरी रात्रीचे चित्र फारसे पालटले नाही. आजही युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी रात्रीचा गाडा ओढतात ते निवासी डॉक्टरच.

आपले नियमही तासांभोवतीच फिरतात. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सहसा बारा तासांपेक्षा जास्त नसावे, असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द आले. वाजवी म्हणजे किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. ‘मार्ड’ ही आपल्या राज्यातली निवासी डॉक्टरांची संघटना वेळोवेळी संपावर गेली, ती विद्यावेतन, वसतिगृहे आणि मारहाणीपासून संरक्षण यांसाठी. या मागण्या न्याय्यच आहेत. रात्री आमच्या शेजारी वरिष्ठ उभे करा, ही मागणी संपाच्या फलकावर आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. देखरेखीचा पुरावा म्हणून आपल्याकडे लॉगबुक असते. त्यावर मार्गदर्शकांची सही असते. ती सही कधी होते, हे मात्र कुणी विचारू नये.

अमेरिकेतल्या २०११ च्या नियमांत तासांच्या गदारोळात झाकले गेलेले एक कलम आहे. कोणत्या प्रसंगी निवासी डॉक्टराने वरिष्ठांना कळवलेच पाहिजे, हे प्रत्येक विभागाने आधी लिहून ठेवायचे. रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवायचे असेल, मरणासन्न रुग्णाचे उपचार कुठवर न्यायचे हे ठरवायचे असेल, अशा वेळी कळवायचे की नाही, हा प्रश्नच धाकट्याच्या मर्जीवर सोडायचा नाही. कारण रात्री वरिष्ठांना उठवताना त्याच्या मनात भीती असते : एवढेही कळत नाही का, असे म्हणतील. यादी भिंतीवर असली की फोन यादी करते, त्याने करायचा नसतो. आपल्या प्रत्येक युनिटला अशी यादी एका पानावर बसवता येईल. ती परिचारिकांच्या टेबलावर लावावी, म्हणजे फोन करण्याचा अधिकार त्यांनाही राहील. त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये लिबीची अवस्था बिघडते आहे हे पहिल्यांदा त्यांनाच दिसले होते, आणि त्यांच्याजवळ फिरवायला एकच नंबर होता, इंटर्नचा.